वरपक्षाची खोली

पितृपक्षात लग्नं नसतात, त्यामुळे नाशिकच्या पेठ रोडवरचं ते लॉन्स त्या दिवसांत ओस पडलेलं असतं. हिरामण मात्र दर वर्षी नेमका तेव्हाच तिथे जायचा. पावसाळ्यात गोदामात ओल धरलेले पडदे, झालरी, गालिचे बाहेर काढून उन्हात पसरायचे, उंदरांनी कुरतडलेलं बाजूला काढायचं, दोऱ्या ओढून बघायच्या. मंडप-डेकोरेशनचा धंदा त्याने स्वतः उभा केला होता. मखमलाबादला घर होतं, दारात टेम्पो होता, आणि या लॉन्सवरचं सगळं काम बऱ्याच वर्षांपासून त्याच्याकडेच होतं.

त्या दिवशी तिथे पाचच माणसं होती. हिरामण एक. लॉन्सचा मॅनेजर दीपक, जो ऑफिसात बसून फोनवर क्रिकेट बघत होता. हबीबचाचा नावाचे आचारी, जे दिवाळीनंतरच्या सीझनसाठी भट्ट्यांची डागडुजी करून घ्यावी का ते बघायला आले होते. आणि बुधा आणि भागीबाई, पेठकडच्या एका पाड्यावरचं राखणदार जोडपं. मागच्या पत्र्याच्या खोलीत दोघं राहायची. भागीबाई झाडलोट आणि भांडी बघायची, बुधा फाटक आणि हिरवळ. बुधा फारसा बोलायचा नाही. हिरामणची माणसं बांबू उभे करायला लागली की तो कुणी न बोलावता येऊन एक टोक धरायचा आणि काम झालं की तसाच निघून जायचा.

दुपारी तीन माणसं बंद पडलेली मोटारसायकल ढकलत फाटकातून आत आली. बुधाला वाटलं पाणी हवं असेल. त्याने भागीबाईला हाक मारली, तिने कळशी आणली. तिघंही पाणी प्यायले. मग त्यातल्या जाड्याने शर्टाखालून गावठी कट्टा काढला आणि सगळ्यांना एका जागी यायला सांगितलं.

सकाळी शहरात एका सराफाच्या दुकानावर दरोडा पडला होता. ही तीच माणसं होती. ज्या गाडीने त्यांना पुढे गुजरातकडे जायचं होतं ती नाकाबंदीमुळे अडकली होती. हे त्यांनीच सांगितलं, म्हणजे त्यांच्यातल्या वयस्कर माणसाने. दुसरे दोघं त्याला मामा म्हणत होते. पन्नाशीचा, चष्मा लावलेला, शाळेतला मास्तर शोभेल असा. त्याने सगळ्यांना भाऊ, ताई म्हणत समजावलं की गाडी येईपर्यंत बसायचं आहे, दिवस मावळायच्या आत आम्ही गेलेलो असू, कुणी शहाणपणा केला नाही तर कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही. तिसरा लंगडत होता आणि त्याच्या हातात कोयता होता. त्याने सगळ्यांचे फोन गोळा केले आणि हबीबचाचांच्या एका पातेल्यात टाकून त्यात पाणी ओतलं.

सगळ्यांना वरपक्षाच्या खोलीत नेलं. लॉन्सवर नवऱ्या मुलाच्या घरच्यांसाठी जी खोली असते ती ही. आत टीव्ही होता, मोठा आरसा होता, आणि सीझन नसल्यामुळे स्टेजवरच्या लाल मखमलीच्या दोन सिंहासन-खुर्च्या तिथेच आणून ठेवलेल्या होत्या.

जाड्याने विचारलं की दोऱ्या कुणाच्या. हिरामण माझ्या म्हणाला. खांद्यावर दोरीची वेटोळी होतीच, नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. तेव्हा जाड्या म्हणाला की तूच बांध सगळ्यांना. बाईला राहू दे, ती चहा करील. दंड मागे आवळून, मग मनगटं.

"घट्ट बांध," तो म्हणाला. "मी नंतर एकाची गाठ बघणार. सैल निघाली तर तुझं काय होईल ते तूच समज."

हिरामणने आयुष्यभर गाठी मारल्या होत्या. वरून घट्ट दिसणारी आणि एका ओढीत सुटणारी सुरगाठ त्याच्या बोटांना पाठ होती. त्याने हबीबचाचांना तशी बांधली. साठी ओलांडलेला माणूस, त्यात ओळखीचा. मग बुधा पुढे आला आणि त्याने आपणहून हात मागे केले. हिरामणने त्याला थांब म्हटलं आणि आधी दीपकला घेतलं. दीपकलाही सुरगाठच.

दोन गाठी सैल होत्या आणि जाड्या एक बघणार होता. त्याने बुधाला दाराजवळ, सगळ्यांच्या पुढे, भिंतीकडे तोंड करून बसवलं. मग त्याच्या पाठीत गुडघा रोवला आणि दोरी ओढली. दंडावर तीन वेढे, निरगाठ. मनगटावर पुन्हा तसंच. बुधाच्या तोंडून एकदा हवा बाहेर पडल्यासारखा आवाज आला.

जाड्याने खोलीत नजर फिरवली, आणि दाराजवळचा बुधा हाताशी होता म्हणून त्याचीच दोरी ओढून बघितली. ती हलली नाही.

"कलाकार आहेस," जाड्या हिरामणला म्हणाला.

हिरामणला हायसं वाटलं. त्याला वाटलं आपण सगळ्यांना वाचवलं. तेव्हा तरी ते त्याला अगदी खरं वाटलं.

त्याला बांधलं नाही. जनरेटर चालू करायला, फाटकाकडे लक्ष ठेवून हाक द्यायला कुणीतरी लागणारच होतं. जाड्या आणि लंगडा आळीपाळीने बाहेर जात होते. मामा एका सिंहासन-खुर्चीत बसला. त्याने बातम्या बघायला टीव्ही लावायला सांगितला. हिरामणने लावला. दरोड्याची बातमी एकदा आली, त्यात नवीन काही नव्हतं. मग मामा चॅनेल बदलत गेला आणि एका ठिकाणी थांबला.

जुना इंग्रजी काऊबॉयचा सिनेमा होता, हिंदीत डब केलेला. नाव निघून गेलं होतं. नट कुणीच ओळखीचा नव्हता. एका रुंद नदीवर तराफा चालवणारा एक नावाडी, त्याची विधवा वहिनी आणि पलीकडे जायला आलेला एक म्हातारा डॉक्टर, अशा तिघांना चार दरोडेखोरांनी धरून ठेवलेलं. नदीला पूर आलेला. पूर उतरेपर्यंत सगळेच अडकलेले.

मामा एकदम खुलला. लहानपणी गावात तंबूतल्या टॉकीजमध्ये असले सिनेमे यायचे आणि तो कनातीखालून घुसून बघायचा, असं त्याने सांगितलं. हिरामणला म्हणाला, उभा काय राहिलास, बस की. दुसरी खुर्ची रिकामीच होती. हिरामण आधी कडेला टेकला. मग नीट बसला.

सुरुवातीला तो टीव्हीकडे नुसतं बघत होता. मामा खुश आहे तोवर बरं आहे, एवढाच विचार होता. पण सिनेमा चांगला होता. तो नावाडी घाबरट होता आणि दरोडेखोरांचं सगळं ऐकत होता, आणि त्याच्या डोक्यात काय चाललंय ते कळत नव्हतं. हिरामणला वाटायला लागलं की हा गडी मधल्या धारेत तराफ्याचा दोर तोडणार. तो तसं बोलूनही गेला. मामा म्हणाला, छे, ह्याच्यात तेवढी हिंमत नाही. दोघांची त्यावरून गमतीने जुंपली. हिरामण एकदा मोठ्याने हसला.

मागून बुधा काहीतरी म्हणाला. हिरामणला ते ऐकू आलं. "दादा, हात..." एवढंच. त्याने वळून बघितलं नाही. टीव्हीत पाण्याचा, घोड्यांचा आवाज होता, त्यामुळे ऐकू आलं नाही असं समजता येत होतं, आणि त्याने तसं समजून घेतलं.

थोड्या वेळाने भागीबाई चहा आणि कांदाभजी घेऊन आली. मामाला दिला, हिरामणला दिला. मग वाकून, हळू आवाजात हिरामणला म्हणाली की त्याचा हात काळा पडलाय, जराशी ढिली कर. पडद्यावर तराफा नदीत निघाला होता. नावाड्याचा हात दोराकडे जात होता.

"थांब बाई," हिरामण म्हणाला. "एवढा पिच्चर संपू दे."

ती तिथेच उभी राहिली. मग स्वयंपाकघराकडे गेली. नावाड्याने दोर तोडला. हिरामणने मामाकडे बघून मान उडवली, बघा, मी म्हटलं नव्हतं का. मामा हसत मांडीवर थाप मारून म्हणाला, मानलं तुला.

सिनेमा संपायच्या सुमारास बाहेर हॉर्न वाजला. त्यांची गाडी आली होती. तिघं घाईने निघाले. मामा दारातून जाताना बुधापाशी अडखळला, खाली वाकला, आणि त्याने बुधाचा हात बघितला. तो फुगून जांभळा झाला होता.

"अरे, ह्याचा हात बघ," तो हिरामणला म्हणाला. "सांगायचं नाही का? मी कशाला नको म्हटलं असतं?"

आणि तो गेला.

*

दोन दिवसांनी तिघंही सीमेजवळ पकडले गेले. पोलिसांनी जबाब घेतले. हिरामणने सांगितलं की कट्टा रोखून मला बांधायला लावलं. ते खोटं नव्हतं. दीपकने सांगितलं की हिरामणने त्यांना गोडीत घेतलं, गप्पांत गुंतवलं, म्हणून आम्ही सुखरूप राहिलो. पेपरात फोटोसकट आलं. मंडपवाल्याचं प्रसंगावधान, असा मथळा होता. हिरामणची बायको मोहिनी हिने ते कात्रण फ्रेम करून घेतलं आणि शोकेसमध्ये ठेवलं. गल्लीतल्या बायका यायच्या, ती त्यांना सांगायची. हिरामण आतल्या खोलीत जाऊन बसायचा. लोकांना वाटायचं, धक्का बसलाय बिचाऱ्याला.

बुधाला सरकारी दवाखान्यात दाखवलं होतं. सूज उतरली, पण उजवा हात मनगटातून लोंबायला लागला. बोटं उचलायला गेला तर उचलत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं की दंडातली शीर दबली आहे, काही महिन्यांत येईल, पूर्ण येईल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. पट्टा दिला, व्यायाम दाखवला.

दसऱ्याला लॉन्सच्या मालकांनी हिरामणचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा. बुधा खाली खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेमागे उभा होता, हात गळ्यातल्या पट्ट्यात. टाळ्या वाजायला लागल्या तेव्हा तो डाव्या हाताने मांडीवर थाप मारत होता. हिरामणला वरून ते स्पष्ट दिसलं. त्याने मान खाली घातली. फेटा घसरला म्हणून लोक हसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बुधा आणि भागीबाई पाड्यावर परत गेली. फाटकाचा अडसर लोखंडी होता, जड होता, आणि बुधाला तो एका हाताने सरकत नव्हता. मालकांनी काढलं असं नाही. त्यांनी दुसरा माणूस बघितला आणि बुधाला काही दिवस विश्रांती घे म्हणून सांगितलं, एवढंच. जाताना बुधा हिरामणच्या गोदामापाशी येऊन गेला. हिरामण आत होता. बुधा म्हणाला, जातो दादा, तू व्हता म्हणून वाचलो. हिरामणने त्याला थांबवलं नाही.

दिवाळीनंतर सीझन सुरू झाला. पहिल्याच लग्नात त्या दोन खुर्च्या स्टेजवर न्यायच्या होत्या. हिरामणने माणसांना सांगितलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहिला. हबीबचाचा भट्टीपाशी स्टूल टाकून बसले होते. त्यांनी त्याला जवळ बोलावलं. बराच वेळ ते जिलेबीच्या पाकाकडे बघत इकडचं तिकडचं बोलले. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"हिरामण, माझी गाठ तू सैल ठेवली होतीस. मला कळलं होतं. दीपकचीपण. मग बुधाचीच का आवळलीस?"

हिरामण म्हणाला की जाड्या एक बघणार होता. एक तरी घट्ट असायला हवी होती.

"वो तो ठीक आहे," चाचा म्हणाले. "पण तो आधी पुढे आला होता. तू त्याला थांबवलंस. मी बघत होतो."

हिरामणकडे उत्तर होतं, पण ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. दीपक मॅनेजर होता. चाचा त्याच्या बापाच्या वयाचे, त्यांच्या घरी ईदला शीरखुर्मा खाल्लेला. बुधाच्या घरी तो कधी पाणीसुद्धा प्यायला नव्हता. तेवढ्या एका क्षणात त्याने हे सगळं हिशेबात धरलं होतं आणि त्याला त्यासाठी विचारसुद्धा करावा लागला नव्हता. चाचा झारा हातात घेऊन उठले. म्हणाले की मीही गप्प बसलो, माझे हात तर सुटत होते.

त्या आठवड्यात हिरामणला नीट झोप आली नाही. शेवटी लग्नाची तारीख नसलेला दिवस बघून त्याने टेम्पो काढला आणि सावळघाट उतरून पेठच्या पुढे विचारत विचारत बुधाच्या पाड्यावर गेला.

नागलीची कापणी झाली होती. खळ्यावर कणसं पसरलेली होती आणि भागीबाई ती बडवत होती. बुधा डाव्या हाताने काड्या बाजूला करत होता. उजवा हात पोटाशी धरलेला. टेम्पो ओळखून तो उठला, त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. लय लांब आला म्हणाला, पाणी दे म्हणून बायकोला सांगितलं. भागीबाईने तांब्या आणून दिला. तिने हिरामणकडे बघितलं नाही.

हिरामण खळ्याच्या कडेला बसला. वाटेत त्याने काय बोलायचं ते पुन्हा पुन्हा जुळवलं होतं. त्याने ते तसंच सांगितलं. दोघांच्या गाठी मुद्दाम सैल ठेवल्या. जाड्या तपासणार होता म्हणून एकाची आवळली. ती तुझी. तू आधी आला होतास, मी तुला मागे ठेवलं. तुझा हात गेला तो माझ्यामुळे. पोलिसांना मी हे सांगितलं नाही. सांगताना, खरं म्हणजे, त्याला जरा हलकंही वाटायला लागलं.

बुधाने ऐकून घेतलं. हातातली काडी मोडत राहिला.

"कुणाची तरी आवळायलाच लागली असती," तो म्हणाला. "कट्टा व्हता त्याच्याजवळ. मी असतो तर मीबी काय केलं असतं, काय माहीत."

हिरामणने डोळे पुसले. त्याला वाटलं, झालं. एवढंच होतं. त्याने बुधाच्या खांद्यावर हात ठेवला.

भागीबाईने बडवणं थांबवलं.

"गाठीचं सांगितलं," ती म्हणाली. "मी आले तेव्हाचं सांग."

हिरामण म्हणाला, केव्हाचं?

"चा घेऊन आले तेव्हाचं. त्याचा हात काळा पडलाय म्हणून मी तुला सांगितलं. तू काय म्हणाला, ते सांग त्याला."

हिरामणला आठवत होतं. एवढ्या आठवड्यांत एक दिवस असा गेला नव्हता की आठवलं नव्हतं. इथे येताना घाटाच्या वळणावळणावर त्याने बाकी सगळं शब्दांत बसवलं होतं, आणि हे सोडून दिलं होतं. गाठीची गोष्ट सांगता येत होती. त्यात भीती होती, कट्टा होता, कुणीही समजून घेईल असं काहीतरी होतं. हे त्यात बसत नव्हतं.

तो म्हणाला की मामा शेजारी होता, त्याला राग आला असता तर...

"तो टीव्ही बघत व्हता," भागीबाई म्हणाली. "त्याला विचारायचं तरी. तू विचारलं नाय."

बुधा दोघांकडे आळीपाळीने बघत होता. "काय म्हणाला?" त्याने बायकोला विचारलं.

"तो सांगल."

हिरामणच्या तोंडाला कोरड पडली होती. तांब्या शेजारीच होता, पण त्याला हात लावायचा धीर झाला नाही.

"पिच्चर संपू दे, म्हणालो," तो म्हणाला.

बुधाला पहिल्यांदा कळलंच नाही. त्याचं तोंड तेव्हा भिंतीकडे होतं. घोड्यांचे आवाज येत होते, कुणीतरी हसत होतं, एवढंच त्याला माहीत होतं. त्याने विचारलं, कोण हसत होतं? हिरामण म्हणाला, मी. बुधाने पुन्हा विचारलं की ते तुला दम देत नव्हते? हिरामणने मान हलवली. नाही. आम्ही सिनेमा बघत होतो. चांगला चालला होता.

"मी म्हणायचो, दादाला बोलू देत नसतील," बुधा म्हणाला. "पाड्यावर सगळ्यांना तेच सांगितलं."

तो उठला. झोपडीच्या मागे गेला. बराच वेळ आला नाही. मागून लाकूड फोडल्याचा आवाज येत होता, हळू, अंतराअंतराने, एका हाताने काम करणाऱ्या माणसाचा. हिरामण बसून राहिला. भागीबाईने पुन्हा कणसं बडवायला घेतली. तिने त्याला जा म्हटलं नाही आणि थांबही म्हटलं नाही. उन्हं डोंगराकडे कलली तेव्हा हिरामण उठला, टेम्पोकडे गेला. निघताना त्याने भागीबाईला विचारलं की हे मी सांगायला नको होतं का. ती म्हणाली, तू कुठं सांगितलं, मी विचारलं.

घाट चढताना त्याला दोनदा गाडी बाजूला घ्यावी लागली. त्याला वाटलं होतं की तो काहीतरी फेडायला चाललाय. त्याऐवजी बुधाकडे जे एक समाधान शिल्लक होतं तेही तो घेऊन आला होता.

त्या रात्री त्याने मोहिनीला सगळं सांगितलं. बुधाला थांबवल्याचं, खुर्चीत बसल्याचं, हसल्याचं, आणि भागीबाईला दिलेलं उत्तर. दुसऱ्या दिवशी शोकेसमध्ये फ्रेमच्या जागी चिनी मातीचा मोर होता. फ्रेम कुठे गेली ते त्याने विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. आठवडाभर तिने त्याचा डबा भरला, कपडे काढून ठेवले, आणि कामापुरतंच बोलली.

तो पोलीस चौकीतही गेला. जबाबात भर घालायची आहे म्हणाला. तिथल्या हवालदाराने त्याला बसवून चहा पाजला, ऐकून घेतलं आणि म्हणाला की बांधायला कुणी लावलं, त्यांनीच ना, मग झालं, टीव्ही बघणं काही गुन्हा नाही. तो हे समजुतीनेच बोलला. हिरामण चहा तसाच ठेवून उठला. मग एका साखरपुड्याच्या वेळी लॉन्सच्या मालकांनी पाहुण्यांसमोर त्याला पुढे केलं, सांग रे त्या दिवशीचं. त्याने सांगितलं, जसं झालं तसं. पाहुणे आधी हसले, मग एकमेकांकडे बघायला लागले. मालक घाईने म्हणाले की मोठेपणा घ्यायचा नाही हा याचा स्वभावच आहे. त्यानंतर त्यांनी त्याला कधी सांगायला लावलं नाही. काम मात्र चालू राहिलं.

बुधाकडे तो पुन्हा गेला नाही. जावंसं वाटायचं, पण आपण जातो ते कुणासाठी, हे त्याला आता कळत होतं.

वर्ष उलटलं. ऑक्टोबरात द्राक्षांची छाटणी सुरू झाली की पेठ, सुरगाण्याकडची माणसं टोळ्यांनी नाशिककडे कामाला येतात. हिरामण एका सकाळी दिंडोरीला बांबू आणायला निघाला होता. पेठ नाक्यावर रस्त्याच्या कडेला एक टोळी गाठोडी घेऊन उभी होती. त्यात त्याला भागीबाई दिसली, आणि तिच्या मागे बुधा. बुधाच्या उजव्या हातात पत्र्याचा डबा होता. हात वर येत होता, पण डबा त्याने दोन बोटांत अडकवलेला होता, मुठीत नव्हता.

हिरामणने टेम्पो थांबवला. उतरला, पण पुढे काय म्हणायचं ते सुचेना. टोळीतल्या लोकांना वाटलं, कुणी मालक आलाय. भागीबाईने त्याला ओळखलं. ती जरा थांबली, मग तिने विचारलं की दिंडोरीकडे चाललाय का. तो हो म्हणाला. आम्हाला मोहाडीला जायचंय, फाट्यावर सोड, ती म्हणाली.

हिरामणने केबिनचं पुढचं दार उघडून धरलं आणि बुधाला म्हणाला, तू पुढं बस. बुधाने उघड्या दाराकडे बघितलं. मग तो मागे गेला. फळकुटावर पाय ठेवून डाव्या हाताने वर चढला आणि बाकीच्यांमध्ये बसला. पुढे भागीबाईही आली नाही. हिरामणने दार लावून घेतलं.

तो सावकाश चालवत होता. मागे लोक बोलत होते, कुणीतरी कुणाची चेष्टा करत होतं. बुधाचा आवाज त्यात आहे का ते त्याला ओळखू येईना. फाट्यावर त्याने गाडी कडेला घेतली. सगळे उतरले, गाठोडी उतरवली. हिरामण केबिनमधून खाली आला नाही. आता उतरलो तर पुन्हा काहीतरी बोलू आणि तेही चुकेल, असं त्याला वाटलं.

भागीबाई खिडकीशी आली. "त्याचा हात बराच आलाय," ती म्हणाली. "कात्री धरत नाय, पण काड्या गोळा करतो."

हिरामणने मान हलवली.

ती वळली आणि टोळीमागे मळ्याच्या वाटेला लागली. बुधा पुढे गेला होता. हिरामणने ती सगळी वळणाआड होईपर्यंत बघितलं आणि मग गिअर टाकला.